खेकड्याच्या नांग्यांना तेल

आमच्या कारखान्यात कागदाचा ट्रक रिकामा होऊ लागला की ते आधी पायांना कळायचं. नगरच्या एमआयडीसीत, मागच्या गल्लीला, खाकी पुठ्ठ्याची खोकी करणारा हा कारखाना. डाळिंबांची खोकी, औषधाच्या बाटल्यांची खोकी, मोटारीच्या सुट्या भागांची खोकी, सगळी निघतात कागदाच्या रोलमधून. रोल म्हटलं की लोकांना कॅलेंडरची गुंडाळी आठवते. आमचा रोल उभा केला की माझ्या छातीला लागतो, दोघींनी कवेत घ्यायचा म्हटलं तर हाताला हात पोचत नाही, आणि वजनाला दोन दुभत्या म्हशी सहज भरतील. मी घोडेगावची सून आहे, म्हशींचा अंदाज माझा चुकत नाही.

हे धूड ट्रकमधून उतरवायची आमची तऱ्हा अशी होती: ट्रकचा फाळका पाडायचा, दोन जाड फळ्या तिरक्या लावायच्या, खाली ट्रॅक्टरचे जुने टायर मांडायचे, पहारीनं रोल आडवा करायचा आणि द्यायचा सोडून. रोल फळीवरून धडधडत यायचा, टायरवर आदळायचा, एकदा उसळायचा आणि मग त्याच्या मनाला येईल तिकडं जायचा. मी तेव्हा आत खोक्यांना पिना मारायच्या मशीनवर होते. जमिनीतून पायाला हादरा बसला की आम्ही बायका म्हणायचो, आला एक. रोल उतरवणाऱ्या गँगमधल्या लोकांना त्याचं काही वाटायचं नाही. रोल नीट थांबला की ते असे हसायचे, जणू शर्यतीचा बैल त्यांनीच पळवला.

मला मात्र त्या फळ्यांचा राग यायचा, आणि त्याला कारण आहे. माझं माहेर तिसगावकडचं, कोरडवाहू. दिवाळी झाली की आई-वडील ऊसतोडीला जायचे आणि आम्हीही त्यांच्याबरोबर. संध्याकाळी ट्रक भरायची वेळ आली की आई उसाची मोळी डोक्यावर घेऊन अशाच एका फळीवरून वर चढायची. फळी मधोमध लवायची. मी खाली उभी राहून श्वास धरून ठेवायची आणि ती वर पोचली की सोडायची. फळी आणि ट्रक शेजारी शेजारी दिसले की मी आजही चिडते. हा माझा स्वभाव आहे, घरचे आता सरावलेत.

अशात एक दिवस क्लॅम्पची गाडी आली. गाडी म्हणजे फोर्कलिफ्टच, पण पुढं दोन दांड्यांऐवजी दोन वळणदार लोखंडी हात, आतून खरखरीत काळ्या रबराचे. ते रोलला दोन्ही बाजूंनी धरतात, उचलतात, हवा तसा फिरवतात आणि अंड्यासारखा खाली ठेवतात. गँगनं तिला बघितलं आणि जागच्या जागी नाव दिलं, खेकडा. पुढं मालकसुद्धा फोनवर बोलताना खेकडाच म्हणू लागले.

पण खेकडा आला तो शनिवारी. आमच्याकडं शनिवारी नवं लोखंड दारात घेत नाहीत, आणि ही तर कितीतरी टन लोखंडाची वस्तू. गँगमधले सगळ्यांत मोठे आबा, त्यांचं गाव शनिशिंगणापूरला लागून. ते सरळ फाटकात उभे राहिले.

"मालक, आज न्हाई. उद्या उजाडू द्या, मंग आना आत."

मालक इंजिनियर, पुण्याला शिकलेले. ते म्हणाले, "आबा, ट्रेलरवाला थांबणार आहे का रात्रभर?"

"थांबंल की. त्याला बी देव हाय."

मालकांनी कपाळाला हात लावला. मग खिशातला फोन वाजला. त्यांच्या आईचा होता. गाडी आल्याची बातमी त्यांना कुणी दिली हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही, पण आबा त्या वेळी आभाळाकडं बघत होते. मालकांनी "हो आई", "बरं आई" असं तीन-चारदा म्हटलं आणि ट्रेलरवाल्याच्या जेवणाची सोय करायला सांगितली. खेकडा रविवारी सकाळी नारळ फोडून आत आला.

गाडीबरोबर शिकवायला एक माणूस आला होता, दाढी कोरलेला, बोलायला गोड. त्यानं गँगमधल्या एकेकाला बसवून बघितलं. ही माणसं भित्री नव्हती, पण त्यांचा सगळा जन्म जोर लावण्यात गेलेला. धरायचं म्हटलं की गच्च धरायचं. रोल दाबला जाऊन लांबोडका व्हायचा, आणि असा रोल आतल्या मशीनवर चढवला की डुगडुगायचा आणि कागद मध्येच तुटायचा. मग जोर कमी करा म्हटलं तर ते इतके बिचकायचे की रोल उचलायचेच नाहीत. शिकवणारा दमला. मी जेवणाच्या सुट्टीत शटरमध्ये उभी राहून हे बघत होते, आणि माझे हात शिवशिवत होते.

मला ट्रॅक्टर येतो. सासऱ्यांनी शिकवला, कारण माझ्या नवऱ्याला ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागं घेता यायचा नाही. अजून येत नाही. त्याला वाईट वाटू नये म्हणून घरात हा विषय आम्ही काढत नाही, आणि आता मी तो छापायला देते आहे. तर मी हात पुसत पुढं गेले आणि म्हणाले, मी बसून बघू का.

गँग हसली. मालक हसले नाहीत, पण त्यांच्या तोंडावर 'आता हे आणि काय' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. शिकवणारा मात्र म्हणाला, बसा ताई. बसल्यावर त्यानं एकच गोष्ट सांगितली. जत्रेत लहान पोराचा हात धरता ना, तसं धरायचं. सुटायला नको आणि दुखायला नको. एवढं सांगितल्यावर बाईमाणसाला आणखी काय सांगायचं राहतं? मी रोल धरला, हातभर उचलला, मागं घेतला आणि ठेवला. खाली ठेवताना आवाजसुद्धा झाला नाही.

मालकांनी त्या दिवशी मला खेकड्यावर बसवलं, पण अट घालून. "ताई, दिवाळीपर्यंत बघू. एक जरी रोल तुमच्या हातून सुटला, तर मी चाकणहून ऑपरेटर आणणार. मग तुम्ही परत पिनांवर. मला बोल लावायचा नाही."

मी म्हटलं, बरं.  खरं सांगते, मला ती सीट हवी होती. लहानपणी डोक्यावर सरपण, मग मोळ्या, मग लग्नानंतर कांद्याच्या गोण्या. माझी मान कायम कशाच्या तरी खाली. आणि इथं मी बसलेली, हातात नुसती एक दांडी, आणि दोन म्हशींचं वजन माझ्या एका बोटावर वर चाललेलं. ही सीट जाऊ नये असं मला इतकं वाटायचं की शिंगणापूरच्या वाटेनं बस गेली की मी खिडकीतूनच हात जोडायची.

पुढचे महिने सुखाचे गेले. गँगमधलं कुणी घरी बसलं नाही, हे सांगायला हवं. ट्रकमधली रोलांखालची पाचर काढायला माणूस लागतो, गोदामात रोल लावताना बघायला माणूस लागतो. पहारी भिंतीला टेकल्या आणि टायर कुंपणाशी रचले गेले एवढंच. आबांच्या गुडघ्यांनी तर खेकड्याला मनापासून आशीर्वाद दिले असणार. रोल धरला की मला समोरचं काही दिसत नाही, म्हणून आबा मला दिसतील असे बाजूला उभे राहायचे आणि हात करायचे. घोडेगावच्या बाजारात बैल चढवायला टेम्पो मागं घेताना करतात तसाच हात. "यिऊं दे, यिऊं दे, हां, आता हितं बास." त्यांनी बास म्हटलं की मी डोळे मिटून ब्रेक दाबायची. मी कुणावर लवकर विश्वास टाकत नाही, पण त्या हातावर टाकला.

आबांचा स्वभाव त्यांच्या गावासारखा. तिकडं घरांना दारं नाहीत, म्हणून आबांच्या जेवणाच्या डब्याला झाकण असलं तरी ते लावत नसत, आणि कारखान्यात त्यांना दिलेल्या कपाटाला कधी कुलूप दिसलं नाही. मी त्यांना म्हणायची, आबा, मांजर भाकरी नेईल. ते म्हणायचे, "नेऊं दे की. तिला बी भूक हाय."

मग दसरा आला, आणि त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी पडली.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा विळा, सुताराची करवत, कारखान्यातली मशीनं, सगळी धुऊन-पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूची माळ घालून ठेवतात आणि त्या दिवशी त्यांना काम सांगत नाहीत. मी सकाळी येऊन खेकडा धुतला. चाकांच्या खाचांतला चिखल खिळ्यानं काढला. आबा म्हणाले, "पोरी, हात उघडं ठिव त्याचं, माळ नीट बसंल." मी क्लॅम्पचे हात उघडे ठेवले आणि दुपारची बस धरून घरी गेले, कारण घरी माझा ट्रॅक्टर आणि विळे वाट बघत होते आणि पुरणही घालायचं होतं. कारखान्याची पूजा दुपारनंतर होती. पूजेला मी नव्हते.

दसऱ्यानंतर कामावर आले तर खेकडा नवऱ्या मुलासारखा सजलेला. मी सुकलेल्या माळा उतरवल्या, सीट पुसली, आरसे पुसले. लोखंडी हातांवर हळदीकुंकवाची बोटं होती, त्यांना फडकं लावलं नाही. पूजेचं हळदीकुंकू आपण होऊन जाईल तेव्हा जाईल, ते कुणी पुसत नाही.

ट्रक उभा होताच. फाळका पडला, आबांनी पाचर काढली आणि बाजूला झाले. मालक आज कधी नव्हे ते बाहेर येऊन उभे होते. दिवाळीच्या मालाची घाई होती, आणि मला वाटतं थोडं माझ्याकडंही लक्ष होतं. मी पहिला उभा रोल धरला. काट्यावर दाब नेहमीइतका. उचलला. मागं घेतला. ट्रकपासून सुटी होते न होते तोच मला सीटमधून काहीतरी वेगळं जाणवलं. रोल माझ्या हातांत होता, पण माझ्याबरोबर नव्हता. तो सावकाश, अगदी सावकाश खाली घसरायला लागला होता.

मी दांडी खाली ढकलली, म्हणजे पडायचाच असेल तर जवळून पडू दे. तो कडेवर टेकला, कलला, आडवा झाला आणि जुन्या दिवसांसारखा अंगणातून निघाला. आबा बाजूला होते, समोर कुणी नव्हतं, एवढी शिस्त आम्ही पाळत होतो. रोल गडगडत गेला आणि कुंपणाशी रचलेल्या त्या टायरांवर जाऊन थांबला. एक टायर वरून निसटून त्याच्या पाठीवर बसला.

 मालक दोन पावलं पुढं आले.

"ताई, उतरा खाली."

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. ते इतकं शांतपणे म्हणाले की मी किल्ली काढली आणि उतरले. मला भीती वाटत नव्हती, राग आला होता. मी दाब कमी ठेवला नव्हता. काट्यावरचा आकडा अजून माझ्या डोळ्यांसमोर होता. माझी काही चूक नाही हे मला माहीत होतं आणि ते सिद्ध करायला माझ्याकडं काहीच नव्हतं, याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही.

मालक म्हणाले, "बोललो होतो मी. यात माझा काही राग नाही. पण आज कुणाचा तरी पाय गेला असता."

मी तरातरा चालत रोलकडं गेले. म्हटलं, सीट जायची तर जाऊ दे, पण या मेल्यानं मला का दगा दिला ते बघून तरी जाते. आणि बघते तर खाकी कागदावर तळहाताहून मोठा, लांबट, काळपट डाग. भज्यांच्या कागदावर पडतो तसा. बोट लावलं, बुळबुळीत. वास घेतला. तिळाचं तेल. रोलच्या पलीकडच्या अंगाला वाकून बघितलं, तिथंही तसाच डाग. बरोबर समोरासमोर, क्लॅम्पचे दोन हात जिथं बसतात तिथं.

मी मागं वळून खेकड्याकडं गेले आणि रबरावरून हात फिरवला. काळ्या रबरावर तेल दिसत नाही, पण हात चकचकीत होऊन निघाला. मी तो हात तसाच मालकांच्या पुढं धरला.

"हे मी लावलेलं नाही," मी म्हटलं. "आणि मशीनच्या पोटातलंही नाही. वास घेऊन बघा."

मालकांनी वास घेतला. गँग जवळ आली. तेवढ्यात आबा मागून पुढं झाले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती.

"मालक, तिला बोलू नगा. त्याल म्या वतलं."

"आबा, तुम्ही?"

"शनवार हुता. वर खंडेनवमी. येवडं लोखंड उभं, आन् त्याला त्याल न्हाई, हे कसं दिसतंय? लेकरू बसतं त्याच्यावर. म्हनलं देवाची नजर ऱ्हाऊ दे. म्या चांगली वाटी भरून वतलं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुज्यासाटीच वतलं, पोरी."

माझा राग कुठल्या कुठं गेला, आणि त्याचाही मला थोडा राग आला. या माणसानं माझी सीट वाचावी म्हणून देवाला साकडं घातलं होतं, आणि त्याच तेलावरून ती सीट घसरली होती. मला हसावं की रडावं कळेना. आबांना ते तेल लपवता आलं असतं. पण ज्याच्या घराला दार नाही त्याच्या पोटात काय राहणार?

मालकांनी तेलकट रबराकडं बघितलं. मग म्हणाले, "दोन्ही हातांना ओतलंत?"

"न्हाई," आबा म्हणाले. "ह्या अंगाला वतलं. त्या अंगाला माळ बांदलेली हुती, माजा हात पोचंना. म्हनलं देव समजून घील."

आम्ही सगळ्यांनी दुसऱ्या हाताकडं बघितलं. तिथंही तेल होतंच, आणि या बाजूपेक्षा जास्तच होतं. गँगमधल्या एकेकाकडं मालकांनी बघितलं. जो तो मान हलवत होता. देवाच्या शपथा घ्यायला सुरुवात झाली तेव्हा मालकांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं चाकणला लावतात. त्यांनी आईला लावला, आणि घाईत की कसं कोण जाणे, स्पीकर चालू राहिला.

"आई, शनिवारी दर्शनाहून येताना आपण पूजेला कारखान्यात थांबलो होतो. तू त्या नव्या गाडीला काही लावलंस का?"

"लावलं की," पलीकडून खणखणीत आवाज आला. "शिंगनापूरचं त्याल उरलं हुतं बाटलीत. तू फोनवर बोलत बसलास हापिसात. म्या म्हनलं, दोनी हातांना वतावं. बगते तर एका हाताला कुनीतरी आदीच वतलेलं. मंग म्या दुसऱ्याला वतलं. सगळी बाटली वतली. देवाचं त्याल घरी परत कशाला न्यायचं?"

"सगळी बाटली," मालक म्हणाले.

"व्हय. थोडं त्या बसायच्या जागेवर बी वतनार हुते, पर तितं त्या बाईचा रुमाल हुता. म्हनलं तिचा रुमाल खराब नगं व्हायला. का रं, काय झालं?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं, टायर पाठीवर घेऊन बसलेल्या रोलकडं बघितलं. "काही नाही आई," ते म्हणाले, "देवानं ऐकलं. कुणाला लागलं नाही." आणि फोन ठेवला.

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. बहुतेक ट्रकचा ड्रायव्हर. मग सगळं अंगण हसायला लागलं. आबा टोपी तोंडाला लावून हसत होते, मालक खांबाला टेकले होते. मी मात्र हसले नाही. माझं काम अजून राहिलं होतं.

"मालक," मी म्हटलं, "मघाशी तुम्ही उतरा म्हणालात. ते मागं घ्या."

हसणं थांबलं. माझं हे तोंड मला कधीतरी महागात पडणार असं माझी सासू म्हणते, आणि मला वाटलं तो दिवस आज आला. मालक सरळ उभे राहिले. चष्मा पुसला.

"घेतलं मागं," ते म्हणाले. "चढा. पण आधी ते रबर धुवा."

रबर धुवायला सगळी गँग आली. कुणी धुण्याचा सोडा आणला, कुणी कँटीनमधून गरम पाणी, आबा नारळाच्या शेंडीनं असे घासत होते की जणू पोळ्याचा बैल धुतायत. घासताना पुटपुटत होते, देवाला म्हणत होते, तुजं त्याल काढतोय, पर राग यिऊं दिऊ नगं. कोरड्या फडक्यानं मी दोनदा पुसलं, हातानं चाचपलं, गालसुद्धा लावून बघितला. मग चढले. पहिला उचलला तो टायरांशी पडलेला तोच रोल. धरला, उचलला, आडव्याचा उभा केला आणि गोदामाच्या दारात ठेवला. त्याचे तेल लागलेले वरचे थर सोलून काढावे लागले आणि एक कड फाटली होती, बाकी रोल चांगला निघाला. त्याची पुढं डाळिंबांची खोकी झाली.

दिवाळी आली आणि गेली. चाकणच्या ऑपरेटरचं नाव कुणी काढलं नाही, आणि सीट तुमचीच असंही कुणी म्हटलं नाही. मालक तसे कमी बोलतात. मी रोज सकाळी रबरावरून हात फिरवून चढायची, आणि आतल्या आत एक धाकधूक राहायचीच, की अट अजून चालू आहे की संपली. विचारायला जीभ वळत नव्हती. जी इतरांना सुनवायला वळते, ती स्वतःसाठी वळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग थंडीतल्या एका शनिवारी सकाळी मालकांची गाडी फाटकात थांबली आणि मागच्या दारातून त्यांच्या आई उतरल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात तेलाची बाटली. गँग बाजूला सरकली. आबांनी माझ्याकडं बघितलं. मालक पुढं होऊन म्हणाले, "आई, अगं, मी तुला सांगितलंय ना—"

त्यांनी मुलाला हातानं बाजूला केलं आणि सरळ माझ्यापाशी आल्या. मी सीटवरून उतरायला लागले तर म्हणाल्या, "बस, बस. उतरू नगं." मग बाटली वर करून विचारलं, "सांग बाई, कुटं वतू? कुटं वतल्यावर तुला चालंल?"

मी क्षणभर विचार केला. मग क्लॅम्पचे हात ज्यावर वर-खाली होतात तो पुढचा सांगाडा वर चढवला. त्याच्या मधोमध दोन जाड साखळ्या असतात, सगळं वजन त्यांच्यावरच तोललेलं असतं, आणि त्यांना तेल लागतंच. आम्ही तिथं मशीनचं तेल घालतो, पण देवाच्या चार थेंबांनी साखळी काही रुसणार नव्हती. मी म्हटलं, "आई, इथं. थोडंच."

त्यांनी बोटावर तेल घेऊन दोन्ही साखळ्यांना लावलं, नमस्कार केला, आणि उरलेली बाटली आबांच्या हातात दिली. आबांनी ती आपल्या उघड्या कपाटात ठेवली. आता दर शनिवारी ते बाटली घेऊन येतात, सीटखाली उभे राहून मला विचारतात, "लावू का गं?" आणि मी हो म्हटल्यावरच लावतात.

त्या दिवशी जाताना मालकांच्या आई मुलाला म्हणाल्या, आणि हळू बोलणं त्यांना जमत नसल्यामुळं आम्ही सगळ्यांनी ऐकलं, "पुन्यांदा त्या गाडीला कायबी करायचं आसंल तर आदी हिला इचारत जा. गाडी तिची हाय."

मालक म्हणाले, "हो आई."

मी सांगाडा खाली घेतला. बाहेर ट्रक हॉर्न वाजवत होता, आणि आबा फाटकाकडं तोंड करून हात करायला लागले होते.